भिगवणला मराठी बोलायचं नाही

चंद्राकाकी व्हिएतनामला यायला तयार होईनात, आणि का होईनात ते सांगेनात.

आमच्या पिंपळीत मी आणि माझा नवरा सुयोग बी-बियाण्यांचं दुकान चालवतो. मागल्या साली एका कंपनीचं कलिंगडाचं बी आम्ही एवढं खपवलं, की कंपनीनं खूश होऊन आम्हा दोघांना व्हिएतनाम दाखवून आणलं. आल्यावर मी दुकानाच्या पायरीवर बसून जे सांगत सुटले, ते ऐकायला बाया हातातलं काम टाकून यायच्या. डोक्यावर उपड्या टोपलीसारखी टोपी घातलेल्या बायका, रस्ताभर मोटारसायकलींचा लोंढा, भल्या पहाटे भरणारे भाजीचे बाजार आणि त्या बाजारात विकणाऱ्याही बाया, घेणाऱ्याही बाया. एक दिवस गोजरकाकी म्हणाल्या, "अनिता, सांगून सांगून तुझा घसा बसंल. त्यापरास आमालाच घेऊन चल की."

त्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण गोष्ट सगळ्यांच्या मनात बसली. आम्ही सगळ्या माळव्यावर जगणाऱ्या. कुणाची वांगी, कुणाची भेंडी, कुणाची मेथी-कोथिंबीर. आठ-नऊ जणींनी आपापलं जमवलं, घरी भांडून परवानगी घेतली, पासपोर्ट काढले. चंद्राकाकींचाही पासपोर्ट आला. आणि तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, मी येत नाही.

चंद्राकाकी आणि गोजरकाकी सख्ख्या जावा. थोरल्या चंद्राकाकींनी साठी ओलांडली, पण बारामतीच्या बाजारात अजून स्वतः बसतात. त्यांच्या मेथीच्या जुडीपेक्षा त्यांच्या बोलण्याला गिऱ्हाईक जास्त, असं लोक म्हणतात ते खोटं नाही. गिऱ्हाईक भाव विचारायला थांबतं आणि पोरीच्या लग्नाचं सांगून जातं. अशी बाई मागं राहणार म्हटल्यावर आमच्या सहलीतला निम्मा जीवच गेला.

त्यांचे मालक कुंडलिकतात्या म्हणाले, ती विमानाला भ्याली. गोजरकाकी म्हणाल्या, म्हशीसाठी जीव अडकलाय. मला दोन्ही पटेना. शेवटी एकदा त्या कोथिंबिरीचं धणं घ्यायला दुकानात आल्या, तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांना बसवलं आणि सरळ विचारलं.

त्या थोडा वेळ पिशवीचं तोंड वळत बसल्या. मग म्हणाल्या, "मला विमानाची भीती न्हाय. पडलं तर पडलं. पण तितं मी तोंड उघडलं आन् समोरच्याला एक अक्षर कळलं न्हाय, तर मग मी कोण? हितं माझा सगळा कारभार माझ्या जिभेवर चालतुया. तितं मुक्यावाणी नुसतं तुमच्या मागं मागं हिंडायचं. ते माझ्यानं व्हायचं न्हाय."

 मी एवढंच म्हणाले, की काकी, जाण्याआधी मी सगळ्यांची तालीम घेणार आहे. त्याला तरी या. मग काय ते ठरवा.

तालमीला त्या आल्या.

आमच्या गोदामात पोत्यांवर बसून दुपारच्या वेळी ही शाळा भरायची. मी एकदाच जाऊन आलेली, पण त्या एका वारीवर मी गावाची मोठी जाणकार ठरले होते. पैसे एका जागी ठेवायचे नाहीत. थोडे पिशवीत, थोडे अंगावर. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी ठेवायची. नळाचं पाणी प्यायचं नाही, झाकण न फोडलेली बाटली घ्यायची. बीपीच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत, आणि लोणच्याची बरणी मात्र मोठ्या बॅगेत, कारण हातात दिसली तर विमानतळावर काढून घेतात. यावर सगळ्यात जास्त वाद झाला. लोणच्यानं विमानाला काय होतं, हे मला कुणालाच पटवून देता आलं नाही.

सुयोगनं सगळ्यांना बारामतीला नेऊन सरकत्या जिन्यावर चढवून आणलं. रस्ता ओलांडायची तालीम आम्ही बारामतीतल्याच भिगवण चौकात केली. हनोईत गाड्या थांबत नाहीत. आपण थांबायचं नाही, पळायचं नाही, एका चालीनं चालत राहायचं, म्हणजे गाडीवाले आपल्याला वळसा घालून जातात. बाया एकमेकींचे हात धरून एका चालीनं निघाल्या आणि चौकातला ट्रॅफिक पोलीस शिट्टी तोंडात धरून बघत राहिला.

सगळ्यात महत्त्वाचा नियम मी रोज म्हणून घ्यायची. चुकामूक झाली तर जागचं हलायचं नाही. जिथं चुकलात तिथंच उभं राहायचं. आम्ही परत येऊ.

भाषेचे दोन-चार शब्दही शिकवले. भेटल्यावर सिन चाव. उपकार मानायचे तर काम अन्. गोजरकाकी माळकरी, त्यांना मटणमासे चालत नाहीत, म्हणून मी सांगितलं, की तिथं शाकाहाराला 'आन चाय' म्हणतात. जेवायला बसलं की आन चाय म्हणायचं. गोजरकाकी म्हणाल्या, हे तर मला पाठच आहे, रोज सुनेला तेच म्हणते. सगळं गोदाम हसलं. चंद्राकाकीही हसल्या, पण शब्द म्हणायची त्यांची पाळी आली की ओठ मिटायच्या.

शेवटची तालीम म्हणून मी ठरवलं, की एक दिवस सगळ्यांनी भिगवणला जायचं. बॅगा घेऊन, एस.टी.नं, जसं काही विमानानंच निघालोय असं. तिथं उजनीच्या पाण्याकडेला हिंडायचं, हायवेच्या खानावळीत जेवायचं आणि परत यायचं. अट एकच. भिगवण म्हणजे परदेश. तिथं कुणाशीही मराठी बोलायचं नाही. हवं ते खुणेनं मागायचं.

मला वाटलं होतं बाया ऐकणार नाहीत. पण एस.टी.तून उतरल्याबरोबर त्यांनी तोंडं अशी मिटली, की मलाच गंमत वाटली. पाण्यावर बोटी येत-जात होत्या, लांब रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग दिसत होती, आणि आमच्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसून हातवारे करत होत्या. येणारे-जाणारे वळून बघत होते.

खानावळीत खरी परीक्षा झाली. मालक भला माणूस, खांद्यावर पंचा टाकून स्वतः विचारायला आला, की काय आणू. कुणीच बोलेना. एकीनं हाताचा मासा करून पोहवला. दुसरीनं तो तळून दाखवला. गोजरकाकींनी दोन्ही कान धरून माळेवर बोट ठेवलं आणि मग आभाळाकडं बघून हात जोडले. मालक आत गेला आणि आचाऱ्याला हळूच म्हणाला, ते मला ऐकू आलं. बिचाऱ्या सगळ्या मुक्या हायेत, चिलापी जरा चांगली मोठी टाक.

चंद्राकाकी तेवढ्या एका कोपऱ्यात गप्प बसून होत्या. खूण नाही, काही नाही. शेवटी मालकानं त्यांच्यापुढं आपल्याच मनानं भाकरी आणि रस्सा ठेवला. मी मनात म्हटलं, काकींचं येणं काही होत नाही.

तेवढ्यात एक बाई आत आली.

उंच, गोरी, पांढऱ्या केसांची, वयानं चंद्राकाकींच्याच बरोबरीची. पायातले बूट चिखलानं भरलेले, गळ्यात दुर्बीण. ती घाईघाईनं मालकाकडं गेली आणि काहीतरी बोलू लागली. मालकाला कळेना. तो म्हणाला, "फिश? फिश?" ती मान हलवायची आणि आणखी भरभर बोलायची. तिचा चेहरा उन्हानं आणि काळजीनं लालबुंद झाला होता.

मी उठले. माझं इंग्रजी कामापुरतं आहे आणि एवढ्या बायांसमोर ते वापरायची संधी मला हवीच होती. मी विचारलं, काय झालं, मदत करू का? ती माझ्याकडं बघत राहिली. मग दोन बोटांत चिमूटभर अंतर धरून दाखवलं आणि म्हणाली, "इंग्लिश... नो. पोल्स्का." ती पोलंडची होती, हे मागाहून कळलं; तिला इंग्रजी येत नव्हतं. गोऱ्या माणसाला इंग्रजी येत नाही असंही असतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. माझं शहाणपण तिथंच संपलं.

चंद्राकाकी जागेवरून उठल्या. हात धुतले, पदराला पुसले आणि त्या बाईच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आदी खाली बस," त्या म्हणाल्या. "पाणी पी. मग काय ते सांग."

अस्सल मराठीत. बाई बसली. चंद्राकाकींनी बाटली तिच्यापुढं धरली, झाकण फोडलेलं नाही हे फिरवून दाखवलं, मग उघडून दिली. बाई घटाघटा प्याली. मग तिनं एक लांब श्वास घेतला आणि आपल्या भाषेत सांगू लागली, सावकाश, जसं शेजारणीला सांगावं तसं. सांगता सांगता हात बोलत होते. कानाला हात. मग पाण्यावर बोट हलतेय. मग हातातून काहीतरी निसटलं. मग डुबुक.

"फोन पाण्यात पडला," चंद्राकाकी आम्हाला म्हणाल्या. "बोटीतनं. आन् सगळं त्या फोनातच व्हतं. पत्ता बी, नंबर बी, आन् तिची जीभ बी."

फोनमधनं भाषांतर करून बोलायचं, हे मी त्यांना तालमीत दाखवलं होतं. ते त्यांनी बरोबर लावलं. माझ्या फोनवर तोच उपाय करायला गेले, तर तिथं नेट मिळेना. बाईनं पासपोर्ट काढून दाखवला, तो होता. पैसेही होते. नव्हता तो राहायच्या जागेचा पत्ता.

गोजरकाकी पुढं सरकल्या. आता भिगवण परदेश राहिलंच नव्हतं. त्यांनी छातीवर हात ठेवून म्हटलं, "गोजरबाई." मग बाईकडं बोट केलं. बाई म्हणाली, "बार्बरा."

"बरोबर," गोजरकाकी म्हणाल्या. "पर नाव काय?"

"बार्बरा."

"आगं बरोबर हाय, पर नाव?"

बाईला ते कळलं नाही, पण आम्ही सगळ्या हसलो तशी तीही हसली. तिचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला.

चंद्राकाकींनी गाल हातावर टेकवून, डोळे मिटून झोपायची खूण केली. मग दोन्ही हात पसरून सगळीकडं बोट फिरवलं. "कुठं? झोपतीस कुठं तू?"

बार्बरानं विचार केला. मग ती उठली, खुर्च्या बाजूला सारल्या आणि चालू लागली. पण कशी! दोन्ही हात पाठीमागं चिकटवलेले, गुडघे उंच उचललेले, मान लांब काढलेली आणि एकदा इकडं, एकदा तिकडं झटक्यानं वळवलेली. सबंध खानावळ जेवायची थांबली.

मालक ओरडला, "फ्लेमिंगो, फ्लेमिंगो!" आणि पाण्याकडं हात केला. तिनं जोरानं मान हलवली. एक बाई म्हणाली मोर. दुसरी म्हणाली करकोचा. बार्बरा पुन्हा फेरी मारून आली. या वेळी तिनं आपल्या डोक्याच्याही वर हात नेऊन उंची दाखवली आणि घशातून ढोल वाजल्यासारखा आवाज काढला. दुम, दुम, दुम.

चंद्राकाकी डोळे बारीक करून बघत होत्या. एकाएकी त्यांनी मांडीवर हात मारला.

"सणसरच्या पुढं सर्जेरावाच्यात राहतीया ही. ही त्येच्या इमूचं सोंग करतीया."

मधे एक काळ आमच्याकडं शहामृगासारखे इमू पाळायचं वेड आलं होतं. वेड गेलं, इमूही गेले. बारामती-इंदापूर रस्त्याला सर्जेरावआबांच्या मळ्यात एक तेवढा शिल्लक आहे. आबांनी मळ्यात पाहुण्यांना राहायला खोल्या बांधल्यात, हुरडा असतो, बैलगाडी असते, आणि कुंपणाच्या आत तो इमू रस्त्यानं जाणाऱ्या एस.टी.कडं मान काढून बघत असतो. आम्ही सगळ्यांनी त्याला पाहिलेला. पण कुणाला सुचलं नव्हतं.

खात्री करायला चंद्राकाकींनी दोन्ही हातांनी नाकाखालून कानापर्यंत मोठ्या मिशा ओढल्या. सर्जेरावआबांच्या मिशा तालुक्यात प्रसिद्ध आहेत. बार्बरानं टाळ्या वाजवल्या. मग तिनंही तशाच मिशा ओढल्या, आणि दोघी एकमेकींसमोर मिशा ओढत हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

आबा आमच्याच दुकानातून बी नेतात. त्यांचा नंबर माझ्याकडं होता. मी फोन लावला. आबा डिकसळला बोटींपाशी तिला शोधत फिरत होते. सकाळी त्यांनीच तिला तिथं सोडलं होतं, आणि ती फोन करील म्हणून वाट बघत होते. फोन येईना म्हणून शोधायला आले, तोवर ही बाई चालत हायवेला पोचलेली.  ते म्हणाले, तिला हलू देऊ नका, मी आलोच.

मालक इतका वेळ कंबरेवर हात ठेवून उभा होता. आता तो चंद्राकाकींच्या जवळ आला.

"म्हंजे तुमाला मराठी येतं व्हय?"

चंद्राकाकींनी त्याच्याकडं पाहिलं. "मग? तुमाला काय वाटलं, आमी कोण हाय?"

 मालक आत जाऊन आणखी चार चिलापी तळून घेऊन आला.

आबा येईपर्यंत त्या दोघी शेजारी शेजारी बसून जेवल्या. चंद्राकाकींनी बार्बराला माशाचे काटे कसे काढायचे ते दाखवलं, भाकरी कशी मोडायची ते दाखवलं. आणि दोघी बोलत होत्या. ही मराठीत, ती तिच्या भाषेत. बार्बरानं गुडघ्यावर हात ठेवून तोंड वाकडं केलं. चंद्राकाकींनी आपल्या गुडघ्यावर ठेवून तसंच केलं. बार्बरानं अंगठी दाखवली, मग हात आभाळाकडं नेला. चंद्राकाकींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग विचारलं, एक बोट उभं धरून, "एकटीच आलीस?" बार्बरानंही एक बोट धरलं. मान डोलावली. मग ती खूप वेळ काहीतरी सांगत होती, हसत, हात हलवत. समोरच्या बाईला आपली भाषा येत नाही याची तिला लाजही नव्हती आणि फिकीरही नव्हती. चंद्राकाकी मान हलवत, हुंकार देत ऐकत होत्या.

सर्जेरावआबा जीप घेऊन आले. त्यांना बघून बार्बरा उठली आणि त्यांच्या खऱ्या मिशांकडं बोट करून पुन्हा हसली. आबांना का ते कळलं नाही. निघताना ती एकेकीच्या गळ्यात पडली. चंद्राकाकींना तर ती सोडेचना. जीपमध्ये बसल्यावर तिनं आपल्या गळ्याला दोरी बांधल्याची आणि तिला फोन अडकवल्याची खूण केली, आणि बोट हलवून चंद्राकाकींना बजावलं.

परतीच्या एस.टी.त बाया नुसत्या कलकलत होत्या. चंद्राकाकी खिडकीतून उसाकडं बघत बसल्या होत्या. बारामतीचा फाटा आला तेव्हा त्या माझ्याकडं वळल्या.

"अनिता, विमानात बी खिडकीची जागा मिळती का गं?"

मी म्हटलं, मागून घेऊ.

दुसऱ्या दिवशी त्या बाजारातून काळ्या दोऱ्याचे करगोटे घेऊन आल्या. सगळ्यांचे फोन त्यांनी स्वतः करगोट्यात ओवले आणि एकेकीच्या गळ्यात घातले. कुंडलिकतात्या म्हणाले, वासरांना दावं बांधल्यासारख्या दिसताय. त्यावर काकींनी त्यांना जे सुनावलं, ते ऐकून तात्यांच्या लक्षात आलं, की ही आता खरंच जाणार. काकींनी त्यांना म्हशीची धार काढायला शिकवायला घेतलं ते त्याच दिवशी.

प्रवास चांगला झाला. बँकॉकला विमान बदलताना आमची रांग एवढी शिस्तीत चालली, की दुसऱ्या एका टूरच्या माणसानं आपल्या लोकांना आमच्याकडं बोट करून दाखवलं. लोणचं मोठ्या बॅगेत सुखरूप पोचलं. हनोईत पहिला रस्ता आम्ही एका चालीनं ओलांडला आणि गाड्या खरंच दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेल्या. पलीकडं पोचल्यावर बाया म्हणाल्या, परत एकदा जाऊया. गोजरकाकी जिथं तिथं 'आन चाय' म्हणत होत्या. त्यांच्यापुढं पालेभाजीचं पाणी आणि पांढऱ्या चौकोनी वड्या येत होत्या, आणि त्या दर वेळी खाऊन झाल्यावर मला विचारत होत्या, की चहा कधी आणणार.

दुसऱ्या सकाळी मी सगळ्यांना भाजीबाजारात नेलं. मला त्यांना तेच दाखवायचं होतं. जमिनीवर मांडलेले वाटे, ओल्या गोणपाटाखाली झाकलेला पाला, टोपलीसारख्या टोप्या, भाव करणाऱ्या बाया. आमच्या बाया दर पावलाला थांबत होत्या. हे काय, ते काय, हा आपला चुका असावा, हा बघ कोथिंबिरीचा वास. बाजार संपून मोठा रस्ता ओलांडला आणि पलीकडं मी मोजणी केली. चंद्राकाकी नव्हत्या.

 फोन त्यांच्या गळ्यात होता, पण तिथलं सिम फक्त माझ्या फोनला होतं. सगळ्यांना तिथंच उभं करून गोजरकाकींना घेऊन मी परत बाजारात शिरले. गल्ल्या सगळ्या सारख्या. मी धावतच होते. गोजरकाकी मागून देवाचा धावा करत येत होत्या. मध्येच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "थांब. ऐक."

त्या परक्या गलबल्यातून एक आवाज स्पष्ट येत होता. "घ्या, ताजी हाय. आत्ताच तोडलीया."

चंद्राकाकी एका बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. शेजारी त्यांच्याच वयाची एक भाजीवाली, टोपी मागं सरकवलेली, पुढ्यात कोथिंबिरीचा ढीग. भाजीवाली काड्या निवडून देत होती आणि चंद्राकाकी जुड्या बांधत होत्या. बोटांनी मुळं एका रेषेत ठोकायची, गवताची काडी गुंडाळायची, पीळ द्यायचा, जुडी पुढं. समोर घेणाऱ्या बायका उभ्या होत्या. त्यातली एक जुडी उलटसुलट करून बघत होती, तिला चंद्राकाकी मराठीत ठणकावत होत्या, की एवढं काय बघतीस, लगीन करायचंय का तिच्याशी? भाजीवाली खो खो हसत होती. कळत काहीच नव्हतं, पण हसायला ते पुरत होतं.

मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी म्हटलं, काकी, आम्ही किती घाबरलो.

"का?" त्या म्हणाल्या. "तूच म्हणाली हुतीस, जागचं हलायचं न्हाय. न्हाय हलले. मग रिकामं बसून काय करायचं?"

गोजरकाकींनी कपाळाला हात लावला आणि मग त्याही खाली बसल्या. भाजीवालीनं आणखी एक स्टूल काढलं. मी बाकीच्यांना घेऊन आले, तोवर दोघी जावांचा मिळून अर्धा ढीग बांधून झाला होता. आम्ही निघालो तेव्हा त्या बाईनं चंद्राकाकींच्या हातात एक जुडी दिली, दोन्ही हातांनी धरून. चंद्राकाकी म्हणाल्या, "काम अन्." अगदी ठणठणीत. गोदामात जो शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता, तो.

हॉटेलकडं चालताना त्या माझ्या बरोबरीनं चालत होत्या. कोथिंबिरीचा वास घेत म्हणाल्या, "त्या बाईची सून लवकर उठत न्हाय. सगळं हिलाच बघावं लागतं."

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"त्या वयाची बाई सकाळच्या पारी दुसरं काय सांगणार?"

उरलेले दिवस चंद्राकाकींना आवरणं अवघड झालं. त्या बोटीवाल्याशी बोलल्या, हॉटेल झाडणाऱ्या बाईशी बोलल्या, देवळातल्या म्हाताऱ्या भिक्षुणीशी तर एवढ्या बोलल्या, की आमची गाडी खोळंबली. कुणी उत्तर दिलं तर ठीक, नाही दिलं तरी ठीक. एकदा मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. त्या भिक्षुणीला त्या निरेच्या कालव्याला पाणी कधी सुटतं ते सांगत होत्या.

पुण्याच्या विमानतळावर सकाळी उतरलो. इतर बायांना न्यायला सुयोग गाडी घेऊन आला होता. कुंडलिकतात्या मात्र स्वतःची जीप घेऊन आले होते. धुतलेला सदरा, डोक्याला नवी टोपी. घर लई गप झालं हुतं, एवढंच ते मला म्हणाले, आणि तेही काकी बॅग शोधत असताना. गोजरकाकींनी आमच्या गाडीत जागा धरली; त्या दोघांना एकटं येऊ दे म्हणाल्या.

आमची गाडी पुढं निघाली. यवतला आम्ही चहाला थांबलो. गोजरकाकींनी मनसोक्त दोन कप चहा पिऊन घेतला. तात्यांच्या जीपनं आम्हाला तिथं मागून येऊन गाठायला हवं होतं, पण ती आली नाही. पाटसच्या पुढं आम्ही पुन्हा थांबून वाट बघितली, तेव्हा लांबून ती येताना दिसली. रस्ता मोकळा होता आणि जीप बैलगाडीच्या चालीनं येत होती.

शेजारून गेली तेव्हा काच खाली होती. चंद्राकाकी तात्यांकडं तोंड करून, दोन्ही हात हवेत नाचवून काहीतरी सांगत होत्या. आम्ही रस्त्याकडेला उभ्या आहोत हे त्यांनी पाहिलंही नाही. तात्यांनी पाहिलं. त्यांनी आम्हाला हात केला, पुढच्या रिकाम्या रस्त्याकडं एकदा पाहिलं, आणि गाडी आणखी हळू केली.